थाळी वाजली की उठायचं

आमच्या खापर गावच्या बाजारात फार एकोपा होता, असं आता सगळे सांगतात. परवा पुतण्याने घरात चार माणसं जमवली होती आणि त्यांच्यापुढे तो हात हलवून सांगत होता, की पूर्वी बाजारात कासार, कुंभार, रंगारी, दोर वळणारे, डोंगरातल्या टोपल्या विणणाऱ्या बाया, सगळे एका चिंचेच्या सावलीत गुण्यागोविंदाने बसत आणि एकमेकांची भाकर खात. माणसं माना डोलवत होती. मी चहाच्या बश्या घेऊन दारात उभी होते. मी चार माणसांत बोलत नाही, कधी बोललेच नाही, म्हणून बश्या ठेवल्या आणि आत आले. पुतण्याचा जन्म ती चिंच पडल्यानंतरचा. तिची सावली कुठून कुठे जायची हे त्याला कुठून ठाऊक? नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत हे लिहून ठेवते. वही मी गोधड्यांच्या खाली ठेवते. कुणाला दाखवायची नाही.

एका चिंचेखाली बसत, हे खरं. एका सावलीत बसत, हे खोटं. चिंच बाजाराच्या मधोमध होती आणि एवढी मोठी, की तिच्याखाली पंधरा गाड्या सोडाव्यात. पण झाड कितीही मोठं असलं तरी सावली एका वेळी एकाच बाजूला पडते. सकाळी ती मावळतीकडे पडायची. तिकडे आम्ही बसायचो, म्हणजे कासार, रंगारी, शिंपी, कुंभार, दोरवाले, गावातले म्हणवणारे सगळे. उगवतीच्या बाजूला, उन्हात, डोंगरातून उतरलेल्या बाया सुपं, टोपल्या, केरसुण्या, मासे धरायची जाळी घेऊन बसत. दुपारी सावली सरकायची आणि उगवतीकडे जायला लागायची. मग कासार आप्पा आपल्या दुकानातली मोठी काशाची थाळी उचलून तीन वेळा वाजवायचे. थाळी वाजली की पालट. आम्ही आपापले गठ्ठे उचलून उगवतीकडे जायचं आणि त्या बायांनी आपल्या टोपल्या उचलून मावळतीकडे जायचं. तिकडे एव्हाना ऊन आलेलं असायचं. म्हणजे त्या दिवसभर उन्हात आणि आम्ही दिवसभर सावलीत. कासार आप्पा ह्याला न्याय म्हणायचे. बाहेरगावचं कुणी माणूस आलं की ते मिशीवर हात फिरवून सांगायचे, "आमना बाजारमा कोनी एक जागा धरी बठत नही. दोन्ही बाजू समदास्ले मिळतस." सगळ्यांना दोन्ही बाजू मिळतात! इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की मला अजून हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

कासार आप्पांना बाजाराचा मुखी कुणी केलं होतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांच्याकडे थाळी होती आणि आवाज होता. दर बाजारी सकाळी आल्यावर ते सगळ्यांची जागा बघत एक फेरी मारायचे, कुणाचं मडकं वीतभर पुढे आलं असेल तर पायाच्या अंगठ्याने मागे सरकवायचे, आणि मग दिवसभर हंड्यांच्या मागे डुलक्या घेत बसायचे. कुंभारमावशीचं तोंड मात्र कधी मिटलं नाही. गिऱ्हाईक मडकं ठोकून बघायचं, टण्ण वाजलं तर घ्यायचं आणि बद्द वाजलं तर ठेवायचं. त्या ठोकण्याच्या आवाजातही मावशी पलीकडच्या शिंपिणीला तिसऱ्याच्या सुनेचं सांगत असायची. एकमेकांची भाकर खात, असं पुतण्या म्हणाला. खात होते तेव्हाही एकमेकांच्या फडक्यात काय आहे ते आधी बघत. आमच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लसणाचा ठेचा असायचा. मावशी त्यातलं अर्धं मागून घ्यायची आणि वर म्हणायची, "तुन्ही मायना हातले मीठनी काय कमी शे का वं? जीभ सोली गयी!" आणि बोटं चाटायची.

माझे वडील रंगारी. आम्ही ज्या फडक्या छापायचो त्या डोंगरातल्या बायांसाठीच. डोक्यावरून घेऊन पाठीवर सोडायचं तांबडं कापड, काठाला काळ्या वेलाचा ठसा. गावातली एकही बाई ती नेसत नव्हती, पांघरत नव्हती. आमच्या घरातली चूल त्या बायांवर पेटायची आणि बाबा त्यांनाच हाडहूड करायचे. "ओ बाई, हात नको लावू, मळी जाई!" ज्यांच्यासाठी कापड रंगवलं त्यांच्याच हाताने ते मळायचं.

मी लहान असताना आमच्याकडे आलचा रंग व्हायचा. आलची मुळं कुटायची, कापड एरंडेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात घोळायचं, वाळवायचं, नदीवर धुवायचं, परत घोळायचं. पंधरा पंधरा दिवस घराला असा वास यायचा की पाहुणे दारातूनच पाणी पिऊन जायचे. मुसळाचा धप धप आवाज पहाटेपासून सुरू व्हायचा आणि त्याच आवाजात मी पाढे पाठ केले. मायचे आणि माझे हात कोपरापर्यंत तांबडे. नखं तर महिना महिना उजळत नसत. शाळेत मास्तरांनी मला पाटी उलटी करून दाखव म्हटलं की मी पाटीमागे हात लपवायचे, म्हणजे पाटी सरळच राहायची. मग सुरतेकडून पुडीचा रंग यायला लागला. पाणी उकळायचं, पुडी सोडायची, कापड बुडवायचं, झालं. पंधरा दिवसांचं काम एका सकाळीत. बाबांना फार आनंद झाला. कापड आधीपेक्षाही तांबडं दिसायचं, अगदी डोळ्यांत घुसणारं. मायने पहिल्या दिवशीच ते कापड पिळलं, खाली गेलेलं लाल पाणी बघितलं आणि म्हणाली, "हाई राहनार नही." बाबा म्हणाले, "राहाले काय करनं शे? विकाई गयं म्हंजे व्हयनं." आणि माझा हात धरून त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. राखेने दोनदा घासला की पुडीचा रंग हातावरून जायचा. "देख, पोरना हात कसा गोरा व्हयनात. आते पाव्हनास्ना समोर हात दखाडाले लाज नही." चौथी झाल्यावर मला शाळेतून काढली होती आणि लग्नाचं, पाहुण्यांचं बोलणं घरात सुरू झालं होतं. माझे हात गोरे झाले म्हणून माझ्या वडिलांनी एका अख्ख्या डोंगराला फसवलं, असं मी आज लिहू शकते. तेव्हा मला फक्त बरं वाटलं होतं.

बाजारात बाबांची एक युक्ती होती. गठ्ठ्याच्या अगदी वर एक जुनी फडकी ठेवलेली असायची, आलच्या रंगाची, मायनेच कधीतरी केलेली. ती कधी विकायची नाही. कुणी बाई रंगाचं विचारायला लागली की बाबा अंगठ्याला थुंकी लावून ती फडकी चोळायचे आणि तोच अंगठा आपल्या पांढऱ्या धोतरावर पुसायचे. डाग पडायचा नाही. "देख! तू म्हातारी व्हशी, पन हाऊ रंग म्हातारा व्हवाव नही!" आणि खालची काढून द्यायचे. मी शेजारी बसून घड्या घालायचे. घड्या घालायला तोंड लागत नाही म्हणून हे काम मला फार आवडायचं.

त्या बायांत सायकी नावाची एक बाई होती. अक्राणीकडच्या कुठल्या तरी पाड्यावरून यायची, रात्रीच निघत असली पाहिजे, कारण आम्ही पोचायच्या आत ती बसलेली असायची. उंच, काळी, कमरेत जरा वाकलेली, आणि बोलायला जवळजवळ माझ्यासारखीच. पण तिचं न बोलणं वेगळं होतं. मी भिऊन गप्प असायचे, ती उगीच गप्प असायची. आमच्याशी बोलायची तेव्हा आमच्याच बोलीत बोलायची, आपल्या बायांशी आपल्या. तिच्या हातची टोपली अशी, की आत पाणी भरावं. कासार आप्पांच्या दुकानात हंडे ठेवायला तिच्याच टोपल्या होत्या, तिला उन्हात उठवून पाठवल्यावर ते हंडे त्याच टोपल्यांत घालून सावलीत आणायचे.

होळी होऊन गेली होती आणि ऊन तापायला लागलं होतं. सायकीच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. एका बाजारी ती आमच्या गठ्ठ्यापुढे बराच वेळ उकिडवी बसली आणि तिने एक फडकी निवडली. मोठा काठ, दुहेरी वेल. ती मीच बुडवली होती, त्याच आठवड्यात. तिने बाबांना नाही, मला विचारलं, "लेक धुई, रोज धुई. रंग चाली ना?" मी होकारार्थी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असं तेव्हा मला वाटायचं. ती म्हणाली, बाजूला ठेव, पुढच्या बाजारी ज्वारी देऊन नेते. सारंगखेड्याकडच्या एका पाटलाने तिला कणगी सांगितली होती, धान्य भरायची, कमरेएवढी उंच आणि कवेत न मावणारी. त्याची गाडी बाजाराच्या दिवशी येऊन कणगी घेऊन जाणार आणि ज्वारी देणार. ज्वारी आली की फडकी.

एवढी मोठी कणगी डोक्यावरून डोंगर उतरून आणता येत नाही. म्हणून पुढच्या बाजारी ती तळ विणून आणि बांबूच्या ओल्या कामट्यांचा भारा ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आली आणि बाजारातच विणायला बसली. सकाळभर विणत होती. लोटक्यातून पाणी घ्यायची, कामट्यांवर शिंपडायची, कामटी वाकवायची, दाबायची. दुपारपर्यंत कणगी बसल्या जागी तिच्या खांद्याच्या वर गेली. आता फक्त कड वळायची राहिली होती. उभ्या कामट्यांची टोकं वर मोकळी होती. ती ओली असतानाच वाकवून आत खोवायची असतात, वाळली की मोडतात. आणि त्या अवस्थेत कणगी हलवली तर सगळी फाकते. हे मला तिने सांगितलं नाही, मी सकाळपासून बघून ओळखलं होतं. बाबांनाही ते कळत होतं. पंधरा दिवस कापड कधी ओलं ठेवायचं आणि कधी वाळवायचं हे ज्याने आयुष्यभर सांभाळलं त्याला एक कड ओली राहायला हवी हे कळत नव्हतं, असं कुणी मला सांगू नये.

थाळी वाजली. सगळे उठले. हंडे, मडकी, दोरांची वेटोळी, शिंप्याचं यंत्र, सगळं उगवतीकडे निघालं. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या. सायकी उठली नाही. ती बसली होती ती बरोबर बाबांची दुपारची जागा. दोन हात पलीकडे, कुंभारमावशीच्या शेजारी, तेवढीच सावली होती आणि मोकळी होती. पण बाबांची जागा ही बाबांची जागा.

"थाळी वाजनी वं," बाबा म्हणाले. "उठ."

"कड बाकी शे, दादा. घडीभर बठू दे."

"तुन्ही कड गयी खड्डामा. जागा मन्ही शे."

ती कामटी वाकवत राहिली. गठ्ठा माझ्या डोक्यावर होता आणि मी तशीच उभी. कुंभारमावशी लगेच आली, तिला यायला कधी बोलवावं लागत नसे. "आज हाई बठनी, उद्या समद्या बठतीन. मंग आपन काय झाडवर बठानं का?" शिंपीण म्हणाली, खरं आहे. दोर वळणारा भिका म्हणाला, खरं आहे. ज्यांना सायकीच्या बसण्याने तीळभर त्रास नव्हता ते सगळे गोळा झाले, कारण फुकटची करमणूक होती आणि उभं राहायला सावली होती. कासार आप्पा थाळी काखेत घेऊनच आले.

"काय व्हयनं? काय व्हयनं?"

आणि मग माझ्या वडिलांनी ती चूक केली. एका बाईने आपलं ऐकलं नाही म्हणून त्यांचं डोकं इतकं फिरलं होतं, की आपण कुणापुढे काय बोलतो ह्याचं भानही त्यांना उरलं नाही. माझ्या डोक्यावरच्या गठ्ठ्यावर थाप मारून ते ओरडले, "आप्पा, तुम्हीच सांगा! मन्हा माल काय मडकं शे? कपडा शे, कपडा! ऊनमा दोन घडी ठेवा, समदा रंग उडी जास!"

मग भिका फिसकन हसला. "दादा, मांगला बाजारले त तुम्ही सांगत व्हतात, बाई म्हातारी व्हई पन रंग व्हवाव नही!" शिंपी हसला. मावशी पदर तोंडात धरून हसली. मावळतीकडे निघालेल्या बाया थांबल्या होत्या. त्यांच्या प्रत्येकीच्या डोक्यावर आमचं कापड होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं तांबडं आता वाळलेल्या पळसाच्या फुलासारखं झालं होतं. आजवर त्यांना वाटत असेल, आपण धुतो तसं धुवायला नको होतं. सायकीने हातातली कामटी पायाखाली दाबून धरली आणि पहिल्यांदा वर बघितलं.

"ऊनमा रंग उडस?" ती म्हणाली. "मंग आम्ही काय पेटीमा ऱ्हातस?"

बाबांचा चेहरा त्या पुडीच्या रंगासारखा झाला. त्यांनी घाईघाईने गठ्ठा माझ्या डोक्यावरून ओढून खाली घेतला, वरची जुनी फडकी काढली, अंगठ्याला थुंकी लावली, चोळली, धोतरावर पुसली. "देखा! देखा! काय उडनं?"

"ती नही," सायकी म्हणाली. "गठ्ठामाईन काढ."

बाबांनी काही काढलं नाही. ते कासार आप्पांकडे बघत राहिले. आप्पांना सायकीशी काही घेणंदेणं नव्हतं, रंगाशीही नव्हतं. पण थाळी वाजवून कुणी उठलं नाही, असं एकदा झालं तर पुढे थाळीला कोण विचारणार? त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "हाई पोर चार बुकं शिकेल शे," ते म्हणाले. "शिकेल पोर खोटं बोलाव नही. रंग हाईच करस. सांग वं माय, कच्चा शे का पक्का?"

मी बाजारात आजवर एक शब्दही बोलले नव्हते. गिऱ्हाइकाला भावसुद्धा मी बोटांनी दाखवायचे. आता सगळा बाजार गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघत होता. मावशी पदर तोंडातून काढून बघत होती. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते जमिनीकडे बघत होते, आणि त्यांच्या पायाची बोटं मातीत रुतत होती. मला आठवतं, मला सायकीची भीती वाटली नाही, खोटं बोलायचीही वाटली नाही. एवढ्या माणसांनी एकदम बघितलं त्याची भीती वाटली. जे बोललं की हे सगळे डोळे दुसरीकडे जातील ते मला बोलायचं होतं. पुढे आयुष्यात मी धीट खोटारडी माणसं पुष्कळ बघितली. पण लाजाळू माणूस किती पटकन खोटं बोलतं, हे कुणी सांगत नाही.

"पक्का शे," मी म्हणाले.

बाजाराने श्वास सोडला. आप्पांनी थाळीवर बोट वाजवून निवाडा दिला. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण इतका मूर्ख निवाडा मी पुन्हा ऐकला नाही. ते म्हणाले, "रंग पक्का शे, आनि ऊनमा ठेवता येत नही. दोन्ही गोठी खऱ्या शेत. उठ वं बाई." आणि सगळ्यांनी माना डोलवल्या. परवा पुतण्यापुढे बसलेल्या माणसांनी डोलवल्या, अगदी तशाच.

सायकी माझ्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हातांकडे. माझे दोन्ही हात गठ्ठ्याच्या गाठीवर होते, राखेने घासलेले, नखांपर्यंत स्वच्छ. ती बाई माझे हात तांबडे होते तेव्हापासून मला बघत आली होती.

"तुन्हा हात कव्हयपासून गोरा व्हयनात वं, पोर?" तिने विचारलं. रागाने नाही. ताप कधीपासून आहे, असं विचारावं तसं.

मग ती उठली. दोन बायांनी तिला हातभार लावला आणि तिघींनी मिळून कणगी उचलून मावळतीकडे नेली. तिकडे पोचायच्या आधीच वरच्या कामट्या फाकल्या. उन्हात ठेवल्यावर तिने पाणी शिंपडलं, पोतं ओलं करून वरून टाकलं, कड वळायला घेतली. इकडे आम्ही सावलीत मांडामांड केली. कामटी मोडल्याचा आवाज मोठा नसतो. बोट मोडल्यासारखा असतो. मडकी ठोकण्याच्या आवाजात तो कुणाला ऐकू येत नव्हता. मला प्रत्येक ऐकू येत होता. मी घड्या घालत होते, आणि एकेक आवाज झाला की माझी घडी वाकडी जायची. बाबा म्हणाले, "नीट घाल."

पाटलाची गाडी आली ती दिवस कलायला लागल्यावर. गाडीवाल्याने कणगीभोवती एक फेरी मारली, मोडलेली कड बघितली, जिभेने च्यक केलं आणि बैलांना हाकारलं. कणगी तिथेच राहिली. पुढच्या बाजारापर्यंत कुंभारमावशीने ती घरी नेऊन तिच्यात गोवऱ्या भरल्या होत्या. तीच मावशी, जिला त्या दिवशी झाडावर बसायची चिंता पडली होती.

बाबा पानतंबाखूला गेले तेव्हा सायकी आमच्या गठ्ठ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्याकडे ज्वारी नव्हती. मी खाली मान घालून तिची बाजूला ठेवलेली फडकी काढली आणि तिच्यापुढे धरली. तशीच दिली असती मी. बाबांनी मारलं असतं तर मारलं असतं, एवढं त्या घटकेला मनात होतं, आणि ते मी इथे लिहिते कारण त्या दिवसातलं दुसरं काहीच माझ्या बाजूने लिहिण्यासारखं नाही. तिने फडकी घेतली नाही. फडकीचं टोक धरलं, कमरेच्या लोटक्यातल्या उरलेल्या पाण्यात बुडवलं, माझा हात ओढून घेतला आणि ते टोक माझ्या तळव्यावर घासलं. एकदाच, दाबून. तळवा तांबडा झाला. तिने माझी बोटं एकेक करून मिटली, मूठ बंद केली आणि आपल्या बायांबरोबर निघून गेली.

घरी आल्यावर मायने माझी मूठ उघडली. "काय शे हाई?"

"रंग."

"आपला?"

"आपला."

मायने बाबांकडे बघितलं. ते अंगणात पाय धूत होते आणि आप्पांनी कसा निवाडा दिला ते शेजाऱ्याला ऐकवत होते. मायने चुलीतली राख माझ्यापुढे सरकवली आणि भाकरी थापायला बसली. दोनदा घासल्यावर हात स्वच्छ झाला.

पुढच्या बाजारी उगवतीची बाजू रिकामी होती. एकही बाई आली नव्हती. दुपारकडे कळलं, की त्या सगळ्या ओढ्यापलीकडे मोहांच्या झाडांखाली बसल्या आहेत. तिथे झाडं दाट, सावली चारी बाजूंना असते, कुणाला पालटावं लागत नाही. टोपल्या घेणारे तिकडे गेले, टोपल्या घ्यायला गेले म्हणून मडकीवाला कुणी दुसरा तिकडे गेला, गुजरातेतला एक फडक्या विकणारा तिकडे बसला. हे सगळं हळूहळू झालं, त्या दिवशी नाही. त्या दिवशी आम्ही सकाळभर चिंचेखाली एकमेकांची तोंडं बघत बसलो. मावशी म्हणाली, "गयात ते बरं व्हयनं. मोकळं मोकळं वाटस." भिका म्हणाला, "सावलीच सावली शे आते." एकही मडकं ठोकल्याचा आवाज आला नाही.

दुपारी सावली सरकली. उगवतीकडे नुसती मोकळी जमीन होती, तिच्यावर बसायला आता कुणाला उठवायची गरज नव्हती. कासार आप्पा डुलकीतून जागे झाले, त्यांनी थाळी उचलली आणि तीन वेळा वाजवली. सगळे उठले. हंडे उचलले, मडकी उचलली, दोरांची वेटोळी खांद्यावर घेतली, आणि रिकाम्या जागेतून रिकाम्या जागेकडे रांगेने निघाले, तेवढ्याच घाईने, आपली जागा दुसरा कुणी घेईल ह्या भीतीने.

मीही उठले. गठ्ठा डोक्यावर घेतला, सायकी बसायची त्या जागेवर नेऊन ठेवला, सोडला, जुनी फडकी सर्वांत वर मांडली आणि घड्या घालायला बसले.